म्हाताऱ्या उंदरांच्या दाढांवर काम करताय? या चुका टाळा

वय वाढलं की दात धरून ठेवणाऱ्या ऊतींचं काय होतं हे उंदरात बघायचं म्हणजे आधी उंदीर दोन-दोन वर्षं सांभाळावा लागतो, आणि एवढं करून लोक शेवटच्या पंधरा दिवसांत घाई करून सगळ्याची माती करतात, हे बघवत नाही म्हणून लिहितोय.

पुढचे दात घेऊ नका. ते आयुष्यभर वाढतच असतात. वयाचा परिणाम बघायचा तर दाढा.

सहा-आठ आठवड्यांचं पिल्लू 'तरुण' गटात घालू नका, त्याची वाढच चालू असते. तीन ते सहा महिन्यांचा घ्या, म्हातारा अठरा ते चोवीस महिन्यांचा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक, तिरका सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला कापलेला पातळ काप). आमच्या लॅबमध्ये एकाने दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांचं पेरिओडॉन्टल लिगामेंट (दाताचं मूळ हाडाला बांधून ठेवणारी ऊती) चांगलंच रुंद झालंय, सगळे खूश, पोस्टर पण तयार. मी म्हटलं स्लाइड परत लाव बघू. मुळातली पल्पची (दाताच्या आतल्या मऊ गाभ्याची) नळी अर्ध्यावरच गायब, टोक दिसतच नाही! म्हाताऱ्या गटाचे सगळे ब्लॉक (जबड्याचा तुकडा मेणात बसवून केलेले ठोकळे) एकाच संध्याकाळी घाईघाईत एम्बेड केलेले आणि सगळे कलंडलेले, आणि तिरकं कापलं की कुठलीही फट रुंदच दिसणार ना. उरलेल्या ब्लॉकमधून सरळ सेक्शन काढले तर ती रुंदी गेली, आणि राहिलं ते खरं म्हातारपण: लिगामेंटमध्ये फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) कमी, मुळाच्या टोकाकडे सिमेंटम (मुळावरचा कठीण थर) जाड. तेव्हापासून माझा नियम एकच, क्राउनपासून (दाताच्या वरच्या भागापासून) मुळाच्या टोकापर्यंत पल्प सलग दिसत नसेल तर त्या स्लाइडवर मोजमाप करायचं नाही, कितीही सुंदर रंगलेली असू दे.

दुसरी चूक जरा फसवी आहे. इनॅमल संपतं तिथपासून हाडाच्या कडेपर्यंतचं अंतर वयाबरोबर वाढतं, आणि लोक लगेच लिहितात 'हाड झिजलं'. झिजतं, नाही असं नाही, पण दाढ वरून घासली जाते आणि ती भरपाई म्हणून हळूहळू वर सरकत राहते, म्हणजे हाड जागच्या जागी असलं तरी हे अंतर वाढणारच. मी खालच्या जबड्यात नसेच्या नळीपासून हाडाची कड किती उंच आहे तेही मायक्रो-सीटीवर (बारीक तपशील दाखवणाऱ्या एक्स-रे स्कॅनवर) मोजतो आणि दाढ किती घासलीय ते शेजारी लिहितो. दोन आकडे जास्त लागतात, पण त्याशिवाय त्या एका आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

ऑस्टिओक्लास्ट (हाड खाणाऱ्या पेशी) मोजताना मुळाच्या दोन्ही बाजू एकत्र करू नका. उंदराच्या दाढा मागच्या दिशेला सरकत असतात, त्यामुळे मुळाच्या मागच्या बाजूला हाड खाल्लं जातं आणि पुढच्या बाजूला नवीन बनतं, निरोगी उंदरातही. सरासरी काढली की हे सगळं पुसलं जातं.

डीकॅल्सिफिकेशनला (कापता यावं म्हणून हाड-दातातलं कॅल्शियम काढायला) ॲसिडचा शॉर्टकट नको. इम्युनो (अँटीबॉडी लावून प्रथिनं रंगवणं) करायचं असेल तर ईडीटीएच (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारं रसायन), पीएच ७.२ ते ७.४, काही आठवडे लागतात तर लागू देत, आणि झालं का बघायला सुई टोचण्यापेक्षा एक्स-रे काढा, सुईने लिगामेंटच फाटतं.

आणि केस. उंदराचे केस दाढेलगत हिरडीत घुसतात आणि तिथे सूज येऊन हाड जातं, वयाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. पोलराइज्ड लाइटखाली केस चमकतो, दिसला की ती जागा वगळा आणि किती जागा वगळल्या तेही गटवार वहीत लिहून ठेवा.