लांब ओळीसाठी कोड आडवा सरकवत बसू नका

नांदेडला पोरांना कोडिंग शिकवताना रोज दिसतं: छोटा लॅपटॉप, ओळ स्क्रीनच्या बाहेर गेलेली, आणि पोरगं ती मध्येच एंटर मारून तोडतंय. पायथॉनमध्ये अशी तोडलेली ओळ कंस उघडा नसेल तर बहुतेक वेळा एररच देते. हाताने तोडायची गरजच नाही.

व्हीएस कोड या कोड लिहायच्या अ‍ॅपमध्ये (विंडोजवर) असं करा:

१. ऑल्ट + झेड दाबा. लांब ओळ स्क्रीनपुरती खाली वळते. फाइलमध्ये एक अक्षरही बदलत नाही. पुन्हा दाबलं की पहिल्यासारखं.

२. कोड खरोखर नीट मांडायचा असेल तर शिफ्ट + ऑल्ट + एफ. पायथॉनसाठी आधी ब्लॅक फॉरमॅटर (कोड आपोआप नीट मांडणारं) हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-साधन, टाकून घ्या. ते ८८ अक्षरांच्या पुढे गेलेली ओळ योग्य जागी तोडतं. जावास्क्रिप्टसाठी प्रिटिअर, त्याची मर्यादा ८०.

३. दरवेळी लक्षात राहत नाही, म्हणून कंट्रोल + कॉमा दाबून सेटिंग उघडा, ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ शोधा, टिक करा. माझ्या मते हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

एक मात्र सांभाळा. गटाच्या प्रोजेक्टमध्ये जुनी फाइल अशी सेव्ह केली की गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शेकडो ओळी बदललेल्या दिसतात आणि तुमचं खरं काम त्यात हरवतं. तिथे ‘फॉरमॅट ऑन सेव्ह मोड’ हे सेटिंग ‘मॉडिफिकेशन्स’ वर ठेवा, म्हणजे फक्त तुम्ही हात लावलेल्या ओळी बदलतील. काही फॉरमॅटरना हे जमत नाही. तेव्हा फॉरमॅटिंगचा कमिट (गिटमधली बदलांची नोंद) वेगळा करा.