हिरो डोईजड झालाय? निदान या चुका टाळा

कार्टून मालिकेतला हिरो फारच ताकदवान असला की लिहिणारा अडतो. मग नवा व्हिलन भारी आहे हे दाखवायला पहिल्याच फटक्यात हिरोला भिंतीवर आपटायचं, ही नवख्या लेखकांची लाडकी युक्ती. 'जस्टिस लीग' या सुपरहिरोंच्या कार्टून मालिकेच्या (२००१) पहिल्या सीझनमध्ये सुपरमॅनचं हेच झालं. जो तो येऊन त्याला लोळवायचा. प्रेक्षक कुरकुरले आणि दुसऱ्या सीझनमध्ये त्याची ताकद पुन्हा वाढवली गेली.

आमच्या एका मालिकेत एका उत्साही पोरानं असंच केलं. दुसऱ्या एपिसोडमध्ये हिरो एका हातानं धावती ट्रेन थांबवतो, पाचव्यात साध्या दोरखंडाच्या जाळ्यात अडकून ओरडतो. स्टोरीबोर्डवाल्यानं, म्हणजे सीन चित्रांत मांडणाऱ्यानं, शांतपणे विचारलं, "ट्रेन थांबवणाऱ्याला दोरी तुटेना?" अख्खी मारामारी नव्यानं काढावी लागली. पोराचं म्हणणं, "लहान मुलं बघतात, कोण लक्ष देतंय!" अहो, मुलंच लक्ष देतात! तेव्हापासून माझ्या टेबलासमोर एक कागद चिकटवलेला असतो: हिरोनं आजवर काय उचललं, काय अडवलं, कशानं जखमी झाला. सीन लिहायच्या आधी तो वाचायचा. दुसरी पद्धत मला येत नाही.

दुसरा आळशीपणा म्हणजे क्रिप्टोनाइट, सुपरमॅनला दुबळं करणारा खडा. कथा अडली की काढा हिरवा खडा. एखाद-दोनदा ठीक, दर आठवड्याला नाही. १९९६च्या सुपरमॅन कार्टून मालिकेतला व्हिलन लेक्स ल्युथर बघा. पैसा, वकील, शहरात इज्जत. सुपरमॅन त्याला एका बोटानं उचलेल, पण हातात पुरावा नको?

हिरोला दुबळं न करताही जमतं. 'वन पंच मॅन' या जपानी कार्टून मालिकेत (२०१५) हिरो सैतामा एका ठोशात खेळ संपवतो, म्हणून तो पोचेपर्यंतचा वेळ इतरांच्या वाट्याला दिलाय. सायकलवरचा साधासुधा हिरो मुमेन रायडर आपण हरणार हे माहीत असूनही समुद्री राक्षसासमोर उभा राहतो. नंतर लोक हरलेल्या हिरोंना नावं ठेवतात, तेव्हा सैतामा स्वतःच बतावणी करतो की राक्षस आधीच थकला होता, मी आयतं श्रेय घेतलं. ठोशापेक्षा हा सीन लिहायला अवघड आहे, म्हणून घाईतली मंडळी तिकडे फिरकत नाहीत.

बाकी किरकोळ. हिरोची स्मृती घालवू नका. ऐन क्लायमॅक्सला नवी शक्ती उगवू देऊ नका. मर्यादा सुरुवातीलाच ठरवा. त्याच १९९६च्या मालिकेत सुपरमॅनला अंतराळात श्वासासाठी मास्क लागतो. एवढ्याशा मास्कनं केवढी सोय होते!