लेख विकत घेण्याआधी ग्रंथालयात या

गेल्या वर्षी एम.ए. अर्थशास्त्राचा एक मुलगा कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी आला. बीडच्या ऊसतोड मजुरांवर लघुप्रबंध लिहीत होता. एका संशोधन लेखाचे प्रकाशकाने ४० डॉलर मागितले होते आणि ते तो मित्राकडून उसने घेणार होता. लेख आमच्या एन-लिस्टवर होता. तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्गाला मी हे सांगते.

एन-लिस्ट ही कॉलेजांना जर्नल्स म्हणजे संशोधन नियतकालिकं ऑनलाइन वाचायला देणारी सेवा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या सरकारी संस्थेची. वर्गणी कॉलेज भरतं, पण तुमचं खातं आपोआप उघडत नाही. ग्रंथपालांकडे नाव, वर्ग आणि ईमेल द्या. खातं मिळालं की घरूनही लेख वाचता येतात. मुलं अडतात ती इथे: गुगलवरून थेट प्रकाशकाच्या पानावर जातात, पैसे मागितले की परत फिरतात. आधी एन-लिस्टवर लॉगिन करा आणि तिथल्याच यादीतून जर्नलमध्ये शिरा.

शोधताना अख्खं वाक्य टाकू नका. ‘शुगरकेन’ आणि ‘मायग्रेशन’ असे दोनच शब्द इंग्रजीत टाका. ‘लेबर’चं स्पेलिंग ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही पद्धतींनी करून पाहा, निकाल बदलतात. एक चांगला लेख सापडला की त्याची संदर्भसूची वाचा. त्या मुलाला निम्मं साहित्य तिथूनच मिळालं.

एन-लिस्टवर नसेल तर? १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, सरकारी विद्यापीठं आणि संस्थांसाठी. आमचं कॉलेज खासगी अनुदानित, म्हणून मी मुलांना पत्र देऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठवते. पीएच.डी.चे प्रबंध इन्फ्लिबनेटच्याच ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सगळ्यांना मोफत आहेत. गुगल स्कॉलरवर लेखाखालच्या ‘ऑल व्हर्जन्स’वरही टिचकी मारा, लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे असते.

एक मात्र कळकळीने सांगते. शेकडो पीडीएफ एका दमात उतरवू नका. एकाने तसं केलं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर अख्ख्या कॉलेजला त्या प्रकाशकाचं दार बंद झालं.

कुठेच नाही मिळालं तर लेखकालाच ईमेल करा: आपण कोण, विषय काय, कुठला लेख हवा, चार ओळींत. त्या मुलाला चौथ्या दिवशी उत्तर आलं, सोबत न मागितलेले आणखी दोन लेख.