मायच्या गिझरला टायमर : कोणता घ्यावा, कसा लावावा

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला किमान तापमानाचा आकडा पेपरात एक अंकी आला की माझा फोन पहाटेपासून वाजायला लागतो. मी परभणीत वायरिंगची कामं करतो, एकोणीस वर्षं झाली. पूर्वी फोन यायचे गिझर बसवायला. आता विचारणा असते, "भाऊ, मोबाईलवरून चालू होणारा स्विच लावून देता का? म्हातारी माणसं गावाकडं एकटी आहेत." लावून देतो. पण लावायच्या आधी जे विचारतो आणि तपासतो ते इथं लिहितो, कारण या वस्तू मी सगळ्यात आधी माझ्या मायसाठी घेतल्या आणि पहिल्यांदा चुकीच्याच घेतल्या.

माय जिंतूर तालुक्यात गावी राहते. आयुष्यभर तिनं पऱ्हाट्या लावून बंबात पाणी तापवलं. गुडघे धरले तेव्हा आम्ही 15 लिटरचा गिझर बसवला. बटण न्हाणीच्या बाहेर, पण उंचावर. पहाटे अंधारात उठून बटण दाबायचं, परत येऊन पडायचं, पुन्हा उठायचं. पुण्याची थोरली बहीण म्हणाली, मी इथून मोबाईलवर चालू करत जाईन. म्हणून एक वायफायचा प्लग आणला. डब्यावर 16 अँपिअर लिहिलेलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मायचा फोन आला, न्हाणीपाशी जळका वास येतोय म्हणून. जाऊन पाहिलं तर सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती तपकिरी चट्टा, पिनेचं प्लास्टिक मऊ होऊन चिकटलेलं. प्लग खोलला. आतली काळी रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारी डबी, नखाएवढी, आणि तिच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेलं होतं 10 अँपिअर. बाहेर 16, आत 10. ती रिले मी अजून खिशात ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. सांगण्यापेक्षा दाखवलेलं पटतं.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे अँपिअर, म्हणजे गिझर किती करंट ओढतो ते. गिझरच्या अंगावर वॅट लिहिलेले असतात. त्याला 230 नं, म्हणजे घरातल्या विजेच्या व्होल्टनं, भागा. 2000 वॅटचा गिझर 8.7 अँपिअर ओढतो, 3000 वॅटचा 13. आकडा 10 च्या आतला दिसतो म्हणून 10 अँपिअरची वस्तू चालेल असं समजू नका. वीस-तीस मिनिटं सलग भार असतो, आणि जोड जरा सैल असला की तिथंच तापतं. 2000 वॅटला खरोखरचं 16 अँपिअरचं घ्या. 3000 वॅट असेल, किंवा सोलरच्या टाकीतली बॅकअप कॉईल असेल, तर टायमरवर भार टाकूच नका. मध्ये 25 अँपिअरचा काँटॅक्टर, म्हणजे मोठा करंट पेलणारा दणकट विजेचा स्विच, बसवून घ्या. मग टायमर फक्त काँटॅक्टरची कॉईल ओढतो, खरा करंट काँटॅक्टरमधून जातो. खर्च थोडा वाढतो, पण टायमर वर्षानुवर्षं टिकतो. आणि सॉकेट जुनं, ढिलं असेल तर आधी ते बदला. नव्या टायमरची पिन जुन्या सॉकेटात खुपसली की जळतं सॉकेट, आणि नाव बदनाम होतं टायमरचं.

दुसरी गोष्ट आपल्या भागात अँपिअरइतकीच मोठी आहे : लाईट जाऊन आल्यावर ही वस्तू काय करते? दुकानात हे कुणी विचारत नाही. बहिणीनं एकदा पहाटे साडेपाचला पुण्याहून चालू केलं आणि दहा मिनिटांत गावची लाईट गेली. मायनं त्या दिवशी चुलीवर पाणी तापवलं. लाईट आली साडेनवाला, आणि प्लगनं आपलं आपण गिझर चालू केला, कारण आधी चालू होता हे त्याच्या लक्षात होतं. माय शेजारी हळद-कुंकवाला गेलेली. दुपारी तिनं नुसते पाय धुवायला नळ सोडला तर कढत पाणी आलं. हात भाजला नाही एवढंच.

बहुतेक वायफायच्या प्लगांत यासाठी सेटिंग असतं. तीन पर्याय असतात : लाईट आल्यावर बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. गिझरसाठी कायम पहिला निवडा. हा पर्याय ज्यात नाही ती वस्तू गिझरला लावू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. शिवाय चालू झाल्यावर अमुक मिनिटांनी आपोआप बंद हो, असंही लावता येतं. तेही लावून ठेवा, म्हणजे कुणी विसरलं तरी निभावतं.

आता प्रकार. गोल तबकडीचा टायमर सगळ्यात स्वस्त. तबकडीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 खुंटे असतात, जेवढा वेळ हवा तेवढे दाबायचे. समजायला सोपा, डोळ्यांना दिसतो. पण आत बॅटरी नसेल तर लाईट गेली की तबकडी थांबते. रात्रीत दोन तास लाईट गेली तर पाचचं पाणी सातला. परभणी शहरात एकवेळ चालेल, खेड्यात नाही. आकड्यांचा डिजिटल टायमर आत छोट्या बॅटरीवर घड्याळ चालू ठेवतो, आठवड्याचे वार वेगळे लावता येतात. नेट लागत नाही, मोबाईल लागत नाही, पासवर्ड लागत नाही. दहापैकी सात घरांत मी हाच सुचवतो.

वायफायचा घ्यायचा तर आधी घरात काय आहे ते बघा. यातले बहुतेक फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर चालतात. राऊटर पुढच्या खोलीत आणि गिझर मागच्या न्हाणीत, मध्ये दोन जाड भिंती, असं असेल तर प्लग लावायच्या जागी मोबाईल धरून रेंज बघून घ्या. राऊटर इन्व्हर्टरवर नसेल तर लाईट येऊन नेट उभं राहीपर्यंत प्लगला बाहेरून हुकूम पोहोचणार नाही. आणि ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका : मोबाईलमध्ये पाच मिनिटांनंतरची वेळ लावा, राऊटर बंद करा, आणि वाट बघा. वेळेवर टक असा आवाज आला तर वेळापत्रक प्लगच्या पोटात आहे. नाही आला तर ते कंपनीच्या सर्व्हरवर आहे, म्हणजे नेट गेलं की आंघोळ थंड पाण्यानं.

बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल निवडलं तर त्याला सहसा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, लागतो. जुन्या घरांत स्विचच्या डबीत फक्त फेज, म्हणजे जिवंत तार, उतरवलेला असतो, न्यूट्रल वर छतातच राहतो. वायरमनला आधी डबी उघडून बघायला सांगा, मगच माल मागवा.

शेतातल्या घरी वायफाय नसतं, तिथं सिमकार्डाची डबी लावतात, मिस्ड कॉल किंवा मेसेजवर चालणारी. शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरची ही धाकटी बहीण. घेताना 2जी की 4जी हे विचारा. जिओचं 2जी नाहीच, त्यामुळं 2जी डबीत ते सिम टाकून उपयोग नाही. रिचार्ज संपला की डबी मुकी होते, ही आठवण कुणाची हे घरात ठरवून घ्या. ज्यांना फक्त अंथरुणातून बटण दाबायचं आहे, त्यांना रेडिओवर चालणारा साधा रिमोट पुरतो. भिंतीआडूनही चालतो. टीव्हीसारख्या रिमोटला समोरासमोर असावं लागतं, तो न्हाणीसाठी घेऊ नका.

वेळ किती लावायची? याचं गणित माणसं अंदाजानं करतात आणि तास-तास ठेवतात. थंडीत टाकीतलं पाणी 18 अंश धरा. 15 लिटर पाणी 55 अंशापर्यंत न्यायला साधारण 0.65 युनिट लागतं, म्हणजे 2000 वॅटवर वीस मिनिटं. 25 लिटरला बत्तीस-तेहेतीस मिनिटं. त्या 15 लिटरमध्ये विसण, म्हणजे गार पाणी, घातलं की अंगाला सोसेल असं 40 अंशाचं 25 लिटर पाणी होतं, एका माणसाच्या आंघोळीला भरपूर. पण हे सगळं विजेच्या पूर्ण दाबावर, म्हणजे 230 व्होल्टवर. गावाकडं पहाटे व्होल्टेज 180 वर असतं. दाब कमी झाला की कॉईलची ताकद त्याच्या वर्गाच्या हिशेबानं उतरते. 2000 वॅटचा गिझर 180 व्होल्टवर जेमतेम 1225 वॅटचा राहतो. वीस मिनिटांच्या जागी बत्तीस लागतात. आधी मीटरनं दाब मोजा, मग वेळ ठरवा. माझ्या मायकडं मी 40 मिनिटं लावलीत. पाणी आधी तापलं तर थर्मोस्टॅट कॉईल बंद करतोच.

थर्मोस्टॅट 55 ते 60 वर ठेवा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितकी कॉईलवर पांढरी खपली धरते. फार खालीही आणू नका, 50 च्या आत साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

टायमरनं बिल किती वाचेल, हा प्रश्न हमखास येतो, आणि मी खरं सांगतो : चांगल्या गिझरला फार नाही. गिझरवरच्या स्टार रेटिंगचे तारे हेच सांगतात, की पाणी न वापरता नुसतं गरम ठेवायला चोवीस तासांत किती वीज जाते. तारे जास्त, तर गळती कमी. टायमर घ्यायचा तो मायचे हेलपाटे वाचावेत म्हणून, आणि विसरून चालू राहू नये म्हणून.

सोलर असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं टायमर खरी वीज वाचवतो. 200 लिटरच्या टाकीतली बॅकअप कॉईल लोक ढगाळ दिवसांत चालू करतात आणि संक्रांतीपर्यंत तशीच ठेवतात. सकाळी सगळे आंघोळ करून जातात, टाकीत गार पाणी भरतं, आणि ऊन वर यायच्या आत कॉईल ते तापवून मोकळी होते. मग दिवसभराच्या उन्हाला तापवायला उरतं काय? ती टाकी 18 वरून 50 वर न्यायला साडेसात युनिटं जातात. कॉईल पहाटे तीन ते सहा एवढीच लावा, सहानंतर काही झालं तरी बंद. त्याहून बरं म्हणजे सोलरच्या लाईनवर न्हाणीत छोटा गिझर. 200 लिटर तापवण्यापेक्षा लागेल ती बादली तापवा.

लांबून चालवायच्या गिझरला तीन गोष्टी मी सोडत नाही, कारण बटण दाबणारा माणूस न्हाणीसमोर नसतो. धड अर्थिंग. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. आणि फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, याची टेस्टरनं खात्री. टायमर एकच तार तोडतो. ती न्यूट्रल निघाली तर गिझर बंद दिसतो पण कॉईलवर फेज जिवंत असतो. उन्हाळ्यात वरची टाकी कोरडी पडते, त्या दिवसांत टायमर बंदच ठेवा, आणि गार पाण्याच्या लाईनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का ते बघा, नाहीतर गिझरमधलं पाणी उलटं उतरतं आणि कॉईल कोरडी तापते. दुरुस्तीला हात घालायच्या आधी मोबाईलवर बंद करून भागत नाही, बोर्डावरची एमसीबी, म्हणजे त्या लाईनचा खटका, पाडा.

मायकडं आता डिजिटल टायमर आहे, बाजूला कमरेच्या उंचीवर एक साधं बटण, टायमरला वळसा घालून थेट चालू करायला. पाहुणे आले किंवा दुपारी डोक्यावरून न्हायचं असलं तर ती तेच दाबते. त्याच्यावर लाल दिवा आहे, अंथरुणातून दिसेल असा. दिवा विझला की पाणी झालं, एवढं तिला पुरतं. बहीण पुण्याहून फक्त फोन करून विचारते, झाली का आंघोळ.