पॉवरपॉइंट आपल्या हाताला बसवून घेताना या चुका टाळा (मराठी स्लाइड बनवणाऱ्यांसाठी खास)

मागे महिला बचत गटांच्या एका ट्रेनिंगसाठी मी 42 स्लाइड बनवल्या होत्या, घरच्या लॅपटॉपवर सगळं मुक्ता फॉन्टमध्ये, एकदम सुबक. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर मुक्ता नव्हताच, त्यानं आपला दुसराच फॉन्ट लावला. ‘कर्जफेडीचं वेळापत्रक’ हे एका ओळीतलं हेडिंग दोन ओळींत तुटलं आणि खालच्या तक्त्याच्या पहिल्या दोन रांगांवर जाऊन बसलं. समोर 60 बायका वह्या काढून बसलेल्या आणि हप्त्याचे आकडे दिसेनात. त्या दिवसापासून हा विषय मी मनावर घेतलाय, कारण आपण करतो त्या चुका जवळपास सगळ्यांच्या सारख्याच असतात आणि बहुतेकांचं मूळ एकच, दुरुस्ती एकेका स्लाइडवर करत बसायची.

आधी फॉन्टचंच बघू, मराठीवाल्यांना सगळ्यात जास्त तोच छळतो. पॉवरपॉइंटमध्ये इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा धरला जातो, आपली लिपी त्यांच्या हिशेबात ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये, म्हणजे रंग आणि फॉन्टच्या तयार संचात, देवनागरीसाठी मंगल हा फॉन्ट नेमून ठेवलेला असतो. त्यामुळे तुम्ही थीमचा फॉन्ट हौसेनं बदलता, इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी मात्र मंगलमध्येच राहतं, मग माणूस प्रत्येक बॉक्स सिलेक्ट करून हातानं फॉन्ट लावत सुटतो. तसं करू नका. आधी फाइल, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये जाऊन मराठी ही एडिटिंगची भाषा म्हणून घाला. मग व्ह्यू टॅबमधून स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मूळ साचा, उघडा, डावीकडची सगळ्यात वरची मोठी स्लाइड पकडा, टायटल आणि खालचा मजकूर सिलेक्ट करा आणि फॉन्टचा पूर्ण डायलॉग उघडून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खान्यात आपला फॉन्ट द्या. एकदाच.

फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवायची असेल तर ऑप्शन्सच्या सेव्ह भागात ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ला टिक करा, पण फॉन्टच्या लायसन्सनं परवानगी दिली असेल तरच तो फाइलसोबत जातो. आणि काहीही असो, पेनड्राइव्हवर एक पीडीएफ ठेवाच. अ‍ॅनिमेशन जाईल, पण आकडे जागेवर राहतील. साधं नेऊन दाखवायचंय, समोर विंडोजच असणार हे माहितीये, तर निर्मला यूआय वापरा, विंडोज 8 पासून तो सोबतच येतो. जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखी ओळखली जावीत म्हणून ठरवलेली पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर मात्र स्लाइडवर पेस्ट करू नका, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

देवनागरीचं आणखी एक. हेडिंग ऐसपैस दिसावं म्हणून कॅरेक्टर स्पेसिंग ‘लूज’ करतात, ते इंग्रजीत चालतं, आपल्याकडे शिरोरेघ मधे मधे तुटते आणि शब्द फुटलेल्या माळेसारखा दिसतो. इटॅलिकचंही तसंच, बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये खरा तिरपा प्रकार नसतो, सॉफ्टवेअर सरळ अक्षरच ढकलून वाकडं करतं. जोर द्यायचा असेल तर बोल्ड करा नाहीतर रंग बदला. ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’वर ठेवलं असेल तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, ‘मल्टिपल’ निवडून 1.1 किंवा 1.2 द्या, लगेच मोकळं होतं.

आता मास्टर बदलला तरी काही स्लाइड ऐकत नाहीत, ही तक्रार मला सारखी ऐकू येते. तिथं बहुतेक वेळा मजकूर प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे लेआउटमध्ये (स्लाइडच्या तयार मांडणीत) आखून दिलेल्या खान्यात, नसतोच, कोणीतरी इन्सर्टमधून सुटा टेक्स्ट बॉक्स काढून त्यात लिहिलेलं असतं, आणि मास्टरवरचं टायटल-मजकुराचं सेटिंग त्या बॉक्सला लागू होत नाही. ओळखायचं कसं, तर आउटलाइन व्ह्यू उघडा, तिथं जो मजकूर दिसत नाही तो सुटा. तो कट करून योग्य लेआउटच्या खान्यात टाका. मजकूर खान्यात असूनही ऐकत नसेल तर होम टॅबवरचं रीसेट दाबा, हातानं केलेले बदल जाऊन स्लाइड लेआउटप्रमाणे होते. उलटी तक्रार, म्हणजे कोपऱ्यातला लोगो क्लिकच होत नाही, तर तो मास्टरवर बसलेला आहे, तिथं जाऊन बदला.

रंगांचा नियमही हाच, पॅलेटमध्ये वर थीमचे रंग असतात आणि खाली स्टँडर्ड. खालचा लाल घेतलात तर उद्या थीम बदलल्यावर तो तसाच राहणार. दुसऱ्या फाइलमधून स्लाइड आणताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ केलंत तर तिचा मास्टरपण सोबत येतो, असं पाच-सहा वेळा झालं की फाइलमध्ये मास्टरांची गर्दी आणि कुठला बदलायचा तेच कळत नाही. ‘यूज डेस्टिनेशन थीम’ घ्या.

स्लाइडचा साइज सगळ्यात आधी ठरवा. पॉवरपॉइंट 2013 पासून नवीन फाइल 16:9 मध्ये, म्हणजे रुंद आकारात, उघडते, पण कितीतरी हॉलमधले प्रोजेक्टर अजून 4:3 चे आहेत. शेवटी बदललंत तर पॉवरपॉइंट विचारतं मॅक्सिमाइज की एन्शुअर फिट, पहिल्यात कडा कापल्या जातात, दुसऱ्यात सगळं बारीक होतं, शेवटच्या रांगेला वाचता येत नाही.

अकाउंटमधली ऑफिस थीम काळी केली म्हणून स्लाइडची डिझाइन बदलत नाही हेही लक्षात घ्या, तो फक्त प्रोग्रॅमचा रंग आहे. रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, अचानक गायब झाली तर घाबरू नका, कंट्रोल आणि एफ1 दाबा, चुकून दुमडली गेलेली असते. आणि रोज लागणारी बटणं शोधत बसू नका, बटणावर राइट क्लिक करून क्विक अ‍ॅक्सेस टूलबारमध्ये (आपल्या आवडीच्या बटणांच्या छोट्या पट्टीत) घाला, पहिलं बटण आल्ट 1 वर येतं, दुसरं आल्ट 2 वर. माझ्याकडे अलाइन पहिलं आहे, तक्ते बनवताना खूप वेळ वाचतो. हे सगळं बसवून झालं की ऑप्शन्समध्ये कस्टमाइज रिबनच्या खाली इम्पोर्ट-एक्सपोर्ट आहे, तिथून एक्सपोर्ट करून फाइल स्वतःला मेल करून ठेवा, नवीन लॅपटॉपवर दोन मिनिटांत तीच मांडणी परत येते. एक सांभाळा, इम्पोर्ट केल्यावर त्या मशीनवरची आधीची मांडणी पुसली जाते, म्हणून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर करणार असाल तर त्यांची आधी एक्सपोर्ट करून घ्या.