आधी पेन बघा, मग नंबर

लिमिटेड एडिशन फाउंटन पेन हातात आलं की नजर पहिल्यांदा जाते ती टोपणाच्या कड्यावर कोरलेल्या आकड्याकडे. नवशिक्याची फसगत तिथूनच सुरू होते. ०००७ क्रमांकाचं पेन आणि २३१६ क्रमांकाचं पेन एकाच साच्यातून, एकाच कारागिरांच्या हातून निघालेलं असतं. किमतीत फरक पडतो तो हौशी मंडळींच्या आवडीमुळे, पेनाच्या गुणामुळे नाही. संग्रह दहा-वीस वर्षं टिकवायचा असेल तर आकड्याच्या आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: पेन कशाचं बनलंय, शाई कशी भरतं आणि त्याचे सगळे भाग मूळचेच आहेत का.

'लिमिटेड' या शब्दाचे अर्थही बरेच. काही आवृत्त्यांची संख्या आधीच जाहीर केलेली असते. काही फक्त एक वर्ष बनतात, पण त्या वर्षात किती बनल्या ते कोणी सांगत नाही. 'स्पेशल एडिशन'ला तर बहुधा मर्यादाच नसते. मोंब्लां या जर्मन कंपनीने १९९२ मध्ये लोरेन्झो दे मेदिची या पेनाने कलेच्या आश्रयदात्यांची मालिका सुरू केली, त्याची ४८१० पेनं निघाली. ४८१० ही आल्प्समधल्या मोंब्लां शिखराची कंपनीने धरलेली मीटरमधली उंची. याच मालिकेत पुढे बऱ्याचदा एकाच विषयावर ४८१० ची एक आणि ८८८ ची दुसरी, अधिक मौल्यवान धातूतली आवृत्ती निघाली. म्हणून एखादं पेन किती दुर्मीळ आहे हे ठरवताना त्या विषयावरच्या सगळ्या आवृत्त्यांची बेरीज करा. कल्पना चांगली असेल तर मोठा आकडाही आड येत नाही. पार्करने १९६५ मध्ये '७५' या मॉडेलची स्पॅनिश ट्रेझर आवृत्ती काढली, १७१५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या स्पॅनिश जहाजांवरच्या चांदीतून. पेनं होती ४८२१. तिला आजही मागणी आहे, कारण ती चांदी पुन्हा मिळणार नाही.

सुरुवात करताना एकच वाट धरा. एका कंपनीची एक मालिका, किंवा फक्त जपानी लाखकाम, किंवा फक्त सेल्युलॉइड, म्हणजे कापूर घालून बनवलेलं जुन्या पद्धतीचं प्लास्टिक. दिसेल ते घेतलं की वीस पेनं जमतात आणि एकाचीही नीट माहिती नसते. बाजारात आल्या आल्या घेण्याचीही घाई नको. बऱ्याच आवृत्त्या वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्या हातात त्याहून स्वस्त मिळतात. अपवाद फार छोट्या संख्येच्या आवृत्त्यांचा.

टेबलावर पेन तपासताना

चार वस्तू जवळ ठेवा: दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, बारीक टॉर्च, जाडी मोजणारा डिजिटल कॅलिपर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. त्या आवृत्तीचं वजन आणि लांबी आधी शोधून लिहून ठेवा. खऱ्याखोट्याचा अर्धा निकाल तिथेच लागतो, कारण नकली पेन दिसायला हुबेहूब जमतं, वजनात सहसा जमत नाही.

पहिलं टोपण. ते काढून टॉर्च आतून लावा आणि काठ सावकाश फिरवा. काठावरची केसासारखी चीर बाहेरच्या उजेडात दिसत नाही, आतून उजेड आला की चमकते. क्लिपच्या मुळाशी आणि कड्यांच्या लगतही हेच करा. कडं बोटाने फिरत असेल तर ते सैल झालंय किंवा खालचं प्लास्टिक आकसलंय. सेल्युलॉइडच्या पेनात दुसरी शक्यता जास्त.

मग बॅरल, म्हणजे पेनाचं धड. ट्यूबलाइटखाली आडवं धरून सावकाश फिरवा आणि दिव्याचं प्रतिबिंब बघा. ती रेघ सरळ हवी. एखाद्या जागी ती लाटेसारखी वाकली तर तिथे घासलंय. बहुधा आधीच्या मालकाचं कोरलेलं नाव काढलंय. शंका आली तर त्याच जागी कॅलिपर लावा. दशांश मिलिमीटरचा फरकसुद्धा बोलतो.

निबला सगळ्यात जास्त वेळ द्या. भिंगाखाली मधली फट टोकाकडे निमुळती होत गेलेली दिसली पाहिजे. टोकाचे दोन्ही दाणे सारखे आणि एका पातळीत हवेत. एक दाणा लहान दिसला तर कोणीतरी घासून 'दुरुस्त' केलीय. फटीच्या वरच्या भोकापासून आडवी चीर निघाली असेल तर निब संपली समजा. ती सांधता येते, पण सांधणारे मोजकेच. १८ कॅरटवर ७५० आणि १४ कॅरटवर ५८५ हा शिक्का शोधा. चुंबक लावून बघा, चिकटली तर सोनं नाही. न चिकटली म्हणजे सोनंच, असं मात्र नाही, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही जातींना चुंबक ओढत नाही. शिवाय बऱ्याच आवृत्त्यांच्या निबवर त्या विषयाचं खास कोरीवकाम असतं. तिथे साधी, रोजच्या मॉडेलची निब दिसली तर मूळची गेलीय आणि किंमत त्या मानाने उतरायला हवी.

चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे जोडपेन. क्रमांक टोपणावर असतो, बॅरल दुसऱ्याच पेनाचं. टोपण लावून बघा: नक्षी जुळते का, रंगाची छटा एकच आहे का? टोपणाच्या आट्यांना बहुधा तीन-चार सुरुवाती, म्हणजे पकड घेण्याच्या जागा असतात, त्यामुळे नक्षी एकाच जागी जुळते. पहिल्या प्रयत्नात जुळली नाही म्हणून दोष देऊ नका, टोपण काढून पुढच्या सुरुवातीला लावा. एकाही जागी जुळत नसेल तर मात्र विचारा.

कागदांवरचा आणि पेनावरचा क्रमांक एकच हवा. काही वेळा चुकीचं पेनच हवंहवंसं होतं: मोंब्लांच्या १९९६ च्या अलेक्झांडर द्यूमा (बापलेक दोघेही याच नावाचे फ्रेंच लेखक) पेनावर सुरुवातीला वडिलांऐवजी मुलाची सही कोरली गेली, नंतर ती बदलली. आता दोन्ही प्रकार जमवणारे लोक आहेत. पण कोणी 'फॅक्टरी एरर' म्हणून जास्त किंमत सांगू लागला तर ती चूक आधीपासून माहीत असलेली हवी. विक्रेत्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलेली नको.

न वापरलेलं पेन

'कधीच शाई भरली नाही' हे वाक्य किंमत वाढवतं आणि डोकेदुखीही. पिस्टनचं, म्हणजे मागची घुंडी फिरवून शाई ओढणारं पेन वीस वर्षं तसंच पडून राहिलं की सील कोरडं होऊन नळीला चिकटतं. मागची घुंडी फिरत नसेल तर जोर लावू नका, आतला दांडा तुटतो आणि त्या आवृत्तीचा सुटा भाग मिळेलच असं नाही. निब आणि तिच्या खालची, शाई पुरवणारी जीभ खोलीच्या तापमानाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी हलक्या हाताने बघा. हलली नाही तर सरळ दुरुस्तीवाल्याकडे. गरम पाणी कधीच नाही: एबोनाइटचा (गंधक घालून कडक केलेल्या रबराचा) काळा रंग त्याने चटकन मातकट होतो. अल्कोहोल तर बाटलीसकट लांब ठेवा, ते सेल्युलॉइड आणि काही ॲक्रिलिक खराब करतं.

निबवर शाईचा पुसट डाग दिसला म्हणून लगेच 'वापरलेलं' ठरवू नका; काही कारखान्यांत निब शाईत बुडवून तपासतात. जिभेच्या खाचांत खोलवर वाळलेली शाई असेल तर गोष्ट वेगळी.

कंपनी बंद पडलेली असेल तर आणखी सावध राहा. इटलीची ओमास २०१६ मध्ये बंद झाली. तिची सेल्युलॉइडची पेनं सुंदर असतात, पण पिस्टन बिघडला तर परत पाठवायला तो जुना कारखाना नाही.

कशाजवळ काय ठेवू नये

सेल्युलॉइडमध्ये रासायनिक बदल वर्षानुवर्षं चालूच राहतात. टोपण उघडल्यावर कापराचा वास येणं ठीक. आंबूस, घशाला लागणारा वास, आत साखरेच्या खड्यासारख्या भेगा, कड्यांवर हिरवट गंज असं काही दिसलं तर ते कुजू लागलंय. ते पेन त्याच दिवशी वेगळं काढा, कारण त्याची आम्लवाफ शेजारच्या पेनांनाही खाते. सेल्युलॉइड हवाबंद डब्यात ठेवायचं नाही, त्याला हवा लागते. आगीपासूनही दूर, ते भसकन पेटतं.

एबोनाइटला उजेड सोसत नाही, आणि त्यातलं गंधक चांदी काळी करतं. म्हणून एबोनाइट आणि चांदीची पेनं एका बंद पेटीत नकोत. रबर बँडने कागद बांधून ते चांदीच्या पेनाशेजारी ठेवणं हीदेखील तीच चूक. चांदीच्या जाळीकामात खाचांतला काळेपणा बऱ्याचदा मुद्दाम केलेला असतो. बुडवून साफ करायच्या द्रावणात घातलं की तो जातो आणि नक्षी सपाट दिसू लागते. वरचेवर मऊ कापडाने पुसणं पुरे.

जपानी उरुशी लाखेच्या पेनाला ऊन आणि अतिकोरडी हवा, दोन्ही बाधतात. आर्द्रता ४० ते ५५ टक्के ठेवा. सिलिका जेलची पाकिटं भरभरून टाकू नका. माकिए, म्हणजे लाखेवर सोन्याची पूड शिंपडून केलेली नक्षी, खरी की छापील, हे भिंग सांगतं: हाताने शिंपडलेल्या सोन्याच्या पुडीचे कण लहानमोठे असतात, रेघ शेवटी निमुळती होते. छापलेल्यात ठिपके सारख्या आकाराचे, कडा एकसारख्या. नामिकी या जपानी कंपनीच्या एंपररसारख्या ड्रॉपरने भरायच्या पेनात मागे एक झडप असते. लांबलचक लिहिताना घुंडी दोन-तीन मिलिमीटर सैल करा, नाहीतर पान-दोन पानांत शाई आटते आणि लोक निबला दोष देतात.

हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचं काम असलेलं पेन सीमेपलीकडून मागवण्याआधी साइट्स (CITES, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) चे परवाने तपासा. परवाना नसेल तर पेन जप्त होतं.

लिहायला हरकत नाही

साधी, पाण्यात विरघळणारी शाई वापरा. चकाकीची, पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि आयर्न गॉल (लोहक्षारांची) शाई पिस्टनच्या मौल्यवान पेनात नको. ती आत बसली तर पेन खोलल्याशिवाय निघत नाही. पारदर्शक किंवा फिकट पेनात गडद लाल-जांभळी टाळा, डाग कायमचा राहतो. परत ठेवताना पिस्टन दहा-पंधरा वेळा पाण्याने चालवा, निब टिश्यूवर टेकवून रात्रभर उभं करा. सकाळी टिश्यूवर रंगाची कड दिसली तर पुन्हा धुवा.

बाहेरचं वेष्टण, आतली पेटी, प्रमाणपत्र, पुस्तिका यांतलं काही टाकू नका. पण पेन त्या पेटीत वर्षानुवर्षं ठेवूही नका. आतला फोम जुना झाला की चिकट होतो. पेटीसोबत आलेली शाईची दौत पहिल्याच दिवशी बाहेर काढा, कारण ती झिरपली की कागदही जातात आणि अस्तरही. प्रत्येक पेनाचे पाच फोटो काढा: क्रमांक, निब वरून, निब खालून, टोपणाचा काठ, कागद. विमा उतरवताना हेच मागतात. कुरियरने पाठवायची वेळ आली तर शाई पूर्ण काढा आणि पेनाला फोमऐवजी आम्लरहित कागद गुंडाळून ताठ नळीत घाला. पेटी वेगळ्या पिशवीत जाऊ द्या, नाहीतर हादऱ्यांनी पेन आतल्या आत पेटीवर घासत राहतं.