सरकारी कामाचं बिल अडलं? लवादाची नोटीस काढण्याआधी

सार्वजनिक बांधकाम किंवा पाटबंधारे खात्याकडे बिल अडलं की ठेकेदाराला पहिला सल्ला मिळतो तो लवादात, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाकडे जायचा. त्याआधी कराराची प्रत काढून बी-१ नमुन्यातलं (सरकारी ठेक्याच्या छापील करारातलं) कलम ३० वाचा. तिथे वाद अधीक्षक अभियंत्यांकडे न्यायचा आणि त्यांचा निर्णय अंतिम, असं असतं. हे कलम म्हणजे लवादाचा करार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये 'विष्णू विरुद्ध महाराष्ट्र शासन' प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरीही लवादाच्या नोटिसा निघतात, त्यात वर्षं जातात आणि इकडे कोर्टात दावा लावायची मुदत संपत येते. झालेल्या कामाच्या पैशांसाठी साधारण तीन वर्षं मिळतात. स्मरणपत्रांनी ती वाढत नाहीत; खात्याने मुदतीच्या आत सही करून देणं मान्य केलेलं पत्र असेल तर नव्याने मोजणी सुरू होते.

कलम ३० ची पायरी मात्र चुकवू नका. अधीक्षक अभियंत्यांना मागणी लेखी द्या, बारनिशीत (आवक टपालाच्या टेबलावर) देऊन प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. निर्णय अंतिम म्हटला असला तरी त्या आदेशाविरुद्ध वर अपील करायची मुदत कलमातच असते, ती दिवस मोजून पाळा.

मागणी उभी राहते ती कागदावर. 'पावसामुळे उशीर झाला' एवढं लिहून भागत नाही. उदाहरणार्थ, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदी त्यावर होती त्या दिवसांचे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे अहवाल घ्या. त्याच दिवसांची साइटची नोंदवही, उभ्या मशिनरीची यादी आणि शाखा अभियंत्यांना तेव्हाच दिलेलं पत्र त्यांना जोडा. दोन वर्षांनी लिहिलेलं पत्र कुणी मानत नाही. मुदतवाढीच्या अर्जाबरोबर 'नुकसानभरपाई मागणार नाही' असं हमीपत्र पुढे केलं जातं आणि घाईत त्यावर सही होते. बहुतेक मागण्या इथेच मरतात. मोजमाप पुस्तकावर किंवा अंतिम बिलावर सही करताना 'हक्क राखून' लिहा आणि त्याच दिवशी आक्षेपाचं पत्र द्या.

लवादाचं कलम नसेल, रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. हा काळ दाव्याच्या मुदतीत धरत नाहीत. खातं आलंच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते. शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस वेगळी लागते, ती याच काळात देऊन टाका.

करारात खरोखर लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम २१ ची, म्हणजे वाद लवादाकडे न्यायची नोटीस द्या. समोरच्याला ती पोचते त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात, म्हणून पोचपावती जपा. खात्याचाच अधिकारी लवाद नेमला तर त्याला अपात्र ठरवणारं कलम १२(५) दाखवा. वाद उभा राहिल्यावर तुम्ही लेखी संमती दिली तरच तो चालतो. नेमणूक अडली तर उच्च न्यायालयात कलम ११ चा अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू असल्याने सहा जिल्ह्यांच्या लोकांची मुंबईवारी वाचली आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याने सरकारी खात्याला माल पुरवला असेल आणि ऑर्डरआधी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) असेल, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेचा रस्ता चांगला. पैसे ४५ दिवसांत आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. बांधकामाच्या ठेक्यासाठी मात्र यावर विसंबू नका.

मध्यस्थीत कार्यकारी अभियंता मान डोलावतात, पण ऑडिटच्या भीतीने सही होत नाही. त्यांच्या हाती टिपणी तयार ठेवा: रक्कम, मोजमाप पुस्तकाचं पान आणि दावा हरल्यास व्याजासह किती द्यावं लागेल. सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी पहिल्याच बैठकीत मागा. तडजोडीत जीएसटी कोणाचा, टीडीएस किती, अनामत कधी परत आणि पैसे चुकले तर व्याज किती, हे नीट लिहून घ्या.